मागचे पाय पोटाशी घेणारी हेराल्ड

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना एका वळणावर माकड आडवं आलं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेकला अजून स्पर्शही केला नव्हता, तोच कुणी बगलेत हात घालून उचलावी तशी गाडीची मागची बाजू वर आली आणि शेपूट दरीकडे निघाली. स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी कशीबशी सरळ झाली. माकड तोवर झाडावर. वेग ताशी चाळीससुद्धा नसेल. बायको वणी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. वणीत चहा घेताना म्हणाली, "अहो, ही गाडी आता शोभेला ठेवू या."

गाडी वडिलांची, १९७० ची स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडात ट्रायम्फने १९५९ साली काढली, आपल्याकडे मद्रासला बनायची. तिकडे सलूनला दोनच दारं, आपल्याकडच्या नंतरच्या गाड्यांना चार. आता ही काही स्पोर्ट्स कार नाही, मान्य. पण १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही हेराल्डचीच चॅसी आखूड करून बनवलेली. पुढच्या चाकांना धरणारे विशबोन, पोलादी पाट्यांची मागची आडवी कमान (म्हणजे स्प्रिंग), सगळं एकाच घरातलं. त्यामुळे स्पिटफायरवाल्यांनी साठ वर्षं ज्या दुखण्याची औषधं शोधली, ते दुखणं माझ्याही अंगणात उभं होतं.

दुखणं असं. मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारी पेटी, चॅसीला घट्ट बोल्ट केलेला. त्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या ॲक्सलला एकच सांधा, तोही आतल्या टोकाला. बाहेरच्या टोकाला चाक ताठ बसवलेलं. म्हणजे चाक वरखाली होतं ते दारासारखं, बिजागरीभोवती. वळणात मध्येच पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होऊन वर येते, आणि चाकं खालून आत ओढली जातात. कोंबडी उडताना पाय पोटाशी घेते ना, तस्सं. मग टायर कडेवर उभा राहतो आणि पकड संपते. यात ट्रायम्फ एकटी नाही. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल, ती पंखासारख्या दारांची, तिचीही हीच खोड होती. १९५७ च्या रोडस्टरला मर्सिडीजने सांध्याची जागा खाली आणून ती बरीच मोडली.

कारखान्यांनी यावर काय काय केलं, ते मी महिनाभर वहीत लिहीत बसलो. स्पिटफायर मार्क फोरला १९७० च्या अखेरीस 'स्विंग स्प्रिंग' आली. तिच्यात एकच पाटा डिफरन्शियलला घट्ट असतो, बाकीचे मधल्या खिळीवर तराजूसारखे झुलतात. दोन्ही चाकं एकदम वर आली तर पूर्ण कमान लढते. पण गाडी वळणात कलली की ते पाटे नुसते कलतात, जोर लावत नाहीत, त्यामुळे मागची बाजू उचलली जात नाही. मागून कमी झालेला आधार भरून काढायला पुढे जाड अँटीरोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारी दांडी, दिला. स्पिटफायरचीच बहीण असलेल्या जीटी६ ला १९६८ साली त्याहून भारी इलाज केला. खाली वेगळा विशबोन, ॲक्सलच्या मध्ये रबराचं गोल कपलिंग. या इलाजांत चालीला हे सर्वांत सरस म्हणतात. पण ते रबर चिरतं, महाग पडतं, आणि खुद्द ट्रायम्फनेच १९७३ मध्ये ते काढून जीटी६ ला स्विंग स्प्रिंग लावली. आपल्या मद्रासवाल्यांनी तर गॅझेल काढताना हा सगळा व्यापच सोडला आणि अँबॅसेडर-फियाटसारखा अखंड ॲक्सल टाकला. कुठल्याही गावच्या मिस्त्रीला कळणारा. चालीचा कस गेला, डोकेदुखीही गेली.

मी स्विंग स्प्रिंग आणि जाड बार मागवायचं ठरवलं. कमानीपेक्षा तिचं भाडं जास्त. तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो असताना सातपूरला राहणारा माझा मित्र, चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, गाडीमागे उकिडवा बसला आणि म्हणाला, "अरे, तू तुलना कशाशी करणार आहेस? ही गाडी कारखान्यातून आली तशी आहे का?"

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून त्याने ओळंबा मागून आणला. मडगार्डला दोरी अडकवून ओळंबा मागच्या चाकासमोर सोडला. दोरी रिमच्या वरच्या कडेला टेकली आणि खालच्या कडेपाशी तब्बल अठरा मिलिमीटर अंतर राहिलं. तेरा इंची रिमवर म्हणजे जवळजवळ तीन अंश. मागून बघितलं तर दोन्ही चाकं इंग्रजी व्हीसारखी, खाली जवळ, वर लांब. इतकी वर्षं रोज बघत होतो, दिसलं नव्हतं. गाडी उभ्या उभ्याच पाय पोटाशी घेऊन होती.

मग आठवलं. ऐंशीच्या दशकात खड्ड्यांना कंटाळून वडिलांनी कमानीत एक जादा पाटा टाकून घेतला होता. गाडी उंच झाली, वडील खूश. साध्या अखंड ॲक्सलच्या गाडीत ते चालून जातं. हेराल्डमध्ये उंची वाढवली की चाकांचा कोनही बिघडतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

कमान काढण्यात दोन रविवार गेले. मागची सीट काढून पत्र्याचं झाकण उघडलं की ती डिफरन्शियलच्या डोक्यावर दिसते. वरचे नट मुकाट सुटले, पण टोकाचा एक बोल्ट बुशमध्ये असा गंजून बसला होता की शेवटी करवतीने कापला. ती घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या कमानवाल्या चाचांकडे गेलो. ट्रकच्या कमानींच्या ढिगाऱ्यात माझी कमान म्हणजे हत्तींमध्ये शेळी. चाचांनी पाटे सुटे करून फरशीवर मांडले, बोटाने कडा चाचपल्या आणि जादाचा पाटा बाजूला फेकला. "हा आपल्या जीपचा आहे. याला इथून आधी काढा."

उरलेल्या पाट्यांची गोलाई कमी करायची होती. मी विचारलं, "तापवणार का?" चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात मीठ मागितलं. "तापवला की पाणी उतरतं. महिन्यात बसेल खाली." मग ऐरणीवर पाटा थंडच ठेवून इंचाइंचाने सरकवत घण. दर चार-पाच घावांनी दुसऱ्या पाट्यावर ठेवून फट बघायची. संपूर्ण दुपार. त्या आवाजात मला माझं नावही ऐकू येत नव्हतं, आणि चाचा मात्र आवाजावरूनच सांगत होते की कुठला घाव पोकळ पडला.

तेवढ्यात पुढची बाजूही उघडली. खालच्या पितळी ट्रनियनमध्ये आटे असतात, चाक वळतं ते त्या आट्यांवर. तिथे ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. आमच्या गाडीत पन्नास वर्षं ग्रीस भरलेलं. ते आत वाळून खडू झालं होतं, आटे कोरडे चालत होते. हेराल्ड-स्पिटफायरचं पुढचं चाक मोडून पडण्याच्या ज्या कहाण्या आहेत, त्यांचं मूळ बहुतेक वेळा हेच. मिस्त्री म्हणाला, "दादा, ऑइल तर गळून जाईल." गळू दे, पुन्हा भरू. दोन्ही ट्रनियन बदलले आणि एक ग्रीस गन फक्त ऑइलसाठी बाजूला ठेवली. तिला लाल फडकं बांधलंय, म्हणजे चुकून कोणी ग्रीस घालायला नको.

कमान बसवून, गाडी थोडी हलवून, चार माणसं आत बसवून परत ओळंबा लावला. आता दोरी खालच्या कडेला टेकली आणि वर चार मिलिमीटर अंतर. मित्राने ओळंबा गुंडाळून गवंड्याला परत दिला, काही बोलला नाही.

नांदुरीचा घाट पुन्हा केला, या वेळी एकटाच. तेच वळण, मुद्दाम पाय उचलला. मागचा भाग थोडा हलका झाला, पण शेपूट जागची हलली नाही. पार्सल येऊन पडलं होतंच, म्हणून पुढच्या महिन्यात स्विंग स्प्रिंग आणि जाड बारही बसवून पाहिला. फरक खोटा नाही. मागची चाकं रस्त्याला जळवांसारखी चिकटतात, पाय कधीही उचला. गाडी कलते मात्र जास्त. मला ती एकट्याने चालवायला फार आवडली, अगदी स्पिटफायर वाटली.

मग दिवाळीत आई, मावशी आणि मोठी बहीण मागे बसून गडावर निघाल्या. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांपाशी रस्ता खचलेला, तिथे टायर मडगार्डच्या आत घासायला लागला. मावशी म्हणाली, "जळल्याचा वास येतोय रे." दोन सीटच्या गाडीसाठी बनवलेली कमान, मागे तीन बायका, वर नैवेद्याचा डबा, पूजेचं सामान. ती तरी काय करणार? बाकीचा रस्ता बैलगाडीच्या चालीने काटला.

घरी आल्यावर चाचांनी ठोकलेली जुनी कमान परत चढवली. जाड बार ठेवला नाही, कारण मागे घट्ट कमान असताना तो पुढचा भाग जास्तच ताठ करतो आणि गाडी वळायला कुरकुरते. स्विंग स्प्रिंग पोत्यात गुंडाळून माळ्यावर आहे. मनात येतं की पावसाळ्यानंतर एखादा आठवडा लावावी, पण मग मागची सीट परत काढा, झाकण उघडा...

फुकटातला एक इलाज मात्र कायम आहे. जुन्या हँडबुकमध्ये पुढच्या टायरमध्ये हवा कमी आणि मागे जास्त सांगितलेली असते. यामुळे गाडीचं नाक आधी घसरतं, शेपूट नाही. अमेरिकेत हीच खोड असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरला तर पुढे पंधरा आणि मागे सव्वीस पौंड सांगितलं होतं. गंगापूर रोडच्या पंपावरचं पोरगं नळी हातात घेऊन नेहमीप्रमाणे विचारतं, "काका, चारही बत्तीस?"

"पुढे वीस, मागे सव्वीस."

ते माझ्याकडे बघतं, गाडीकडे बघतं, आणि पुढच्या टायरमध्ये बत्तीसच भरतं. मी घरी येऊन स्वतःच्या गेजने काढतो.