आमची वाटचाल : डोकं गोल नसतं

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक लाकडी ठोकळा आहे. अगदी गोल, वर लाखेची लाल चकाकी. धंद्याची सुरुवात त्याच ठोकळ्यावर झाली, आणि त्याच्यावर बेतलेली एकही टोपी विकली गेली नाही.

मी इथल्याच फाइन आर्ट्सची, शिल्पकलेची. 1950 मध्ये सुरू झालेल्या या फॅकल्टीत दगड, माती, ब्राँझ सगळं हाताळलं, पण शेवटच्या वर्षी नमद्याचं वेड लागलं. राजस्थानात टोंकला जाऊन कारागिरांच्या शेजारी बसून राहिले. लोकर पसरायची, गरम साबणाचं पाणी शिंपडायचं आणि रगडत राहायचं. तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकत जातात. विणकाम नाही, शिवण नाही, तरी सलग जाड कापड तयार होतं, तोच नमदा. त्याला वाफ दिली की मातीसारखा आकार घेतं, आणि सुकल्यावर तो आकार सोडत नाही. टोप्या करायच्या हे तिथेच ठरलं.

आई म्हणाली, "अगं, आता टोप्या घालतंय कोण?" बाबांनी मात्र ट्रंकेतून आजोबांची पगडी काढली. "बाहेरून सगळेच बघतात. तू आतून बघ." आत कपाळाशी तेलाघामाने काळवंडलेली पट्टी होती. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूत सगळ्यात आधी झिजली ती हीच. म्हणून आम्ही घामपट्टी मऊ सुतीच लावतो. रेक्झिन स्वस्त पडतं, पण गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी लावत नाही.

टोपीला आकार द्यायच्या ठोकळ्यासाठी गुजरातमधल्याच संखेड्याला गेले. तिथले खरादी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारे कारागीर, सागावर लाख चढवून झोपाळे, पाळणे करतात, तो हात बघण्यासारखा. मी घेर सांगितला, 57 सेंटिमीटर. त्यांनी लेथवर देखणा ठोकळा उतरवून दिला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. टोपी घातली की कपाळाला रुते आणि कानांवर फट राही. लेथवर गोलच उतरतं, आणि डोकं गोल नसतं. माझंच मोजलं, तर पुढून मागे 20 सेंटिमीटर आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जेमतेम 16. घेर मात्र तोच, 57. मग पटाशी घेतली आणि पुढचा ठोकळा स्वतः कोरला. आता 22 आहेत, आणि नुसता घेर सांगून आलेली ऑर्डर आम्ही घेत नाही.

लाखेची गोष्ट सांगायलाच हवी. नमदा कडक राहावा म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आतून लावतात. पहिली मोठी ऑर्डर एका नाटकाची होती, काळ्या 30 टोप्या, ऐन जुलैत. रात्री हात मारला आणि सकाळी बघते तो सगळ्यांवर पांढुरकी साय. स्पिरिट उडताना वस्तू गार पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि लाख पांढरी होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. शेजारी फर्निचरला पॉलिश करणारे मिस्त्रीकाका आले, बोट फिरवून म्हणाले, "ताई, लाख गेली नाही, रुसलीय." दारंखिडक्या लावून हीटर पेटवला, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने एकेक टोपी पुसली, मग अगदी पातळ हात. दोन रात्री काका आमच्याबरोबर जागले आणि एक रुपया घेतला नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही फक्त सुती टोप्या शिवतो.

सुती टोप्यांनीच घर चालतं, हेही खरं. नमद्याच्या एका टोपीला दोन दिवस जातात. शिवाय आपली देशी लोकर बहुतेक गालिच्याच्या जातीची, कपाळाला टोचते. त्यात मऊ मेरिनो लोकर मिसळावी लागते आणि ती बाहेरून येते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उत्तरायणाने, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाने. 14 आणि 15 जानेवारीला अख्खं बडोदं गच्चीवर असतं. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने चहूबाजूंनी 8 सेंटिमीटर काठाच्या टोप्या विकल्या. दुपारी भाचा चिडून खाली आला, "मावशी, पतंग बघायला मान वर केली की टोपी नाकावर येते!" वर जाऊन पाहिलं. मान मागे गेली की मागचा काठ पाठीला टेकतो आणि टोपी पुढे ढकलतो. आरशासमोर उभं राहून हे कधीच कळलं नसतं. पुढच्या वर्षी मागचा काठ 4 वर आणला, पुढचा 8 च ठेवला आणि हनुवटीखाली नाडी दिली.

गेल्या उत्तरायणाला आमच्या गच्चीवरून समोरच्या पोळमध्ये, म्हणजे दाटीच्या जुन्या वस्तीत, टोप्या मोजल्या. सात टोप्या आमच्या होत्या. संध्याकाळी वारा चढला, पेच लागले, पोरं मागे मागे सरकत माना उलट्या करून ओरडत होती. सातही डोक्यावर होत्या.