ढगात शिकण्यासाठी जुनं विमान घेताना

प्रायव्हेट लायसन्स हातात आलं तेव्हाच ठरवलं होतं की पुढचा टप्पा इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा. म्हणजे बाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नसताना नुसत्या समोरच्या उपकरणांच्या भरवशावर विमान उडवायचं आणि धावपट्टीपर्यंत आणायचं. भाड्याच्या विमानातही हे करता येतं, बरेच जण करतात. माझं मात्र जमेना. कधी दुसरा रेडिओ बंद, कधी धावपट्टीकडे रेडिओने वाट दाखवणाऱ्या आयएलएसची सुई मेल्यासारखी पडलेली, कधी जीपीएसचा डेटाबेस जुना. आणि जेव्हा सगळं ठीकठाक असायचं, तेव्हा विमान नेमकं दुसऱ्याच्या नावावर बुक. या प्रशिक्षणात खंड पडला की नजरेची सवय मोडते आणि पुन्हा मागे जावं लागतं. शेवटी स्वतःचं जुनं विमान घ्यायचं ठरवलं.

बजेट बघता चॉइस उघड होता: चार सीटचं, एका इंजिनाचं, चाकं आत न जाणारं. म्हणजे सेस्ना १७२ नाहीतर पायपरची पीए-२८, चेरोकी घराण्यातली. यापेक्षा वेगवान विमानं त्याच पैशात मिळतात, आणि दलाल ती आग्रहाने दाखवतात. पण आतबाहेर होणारी चाकं म्हणजे देखभाल जास्त, विमा महाग, आणि शिकताना डोक्याला आणखी एक काम. अप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, तसंही ९० नॉटच्या आसपास उडायचं असतं. तिथे वेगवान विमान काय कामाचं?

सेस्नाने १९८६ मध्ये लहान पिस्टन विमानांचं उत्पादन थांबवलं आणि १७२ पुन्हा बनायला लागलं ते १९९६ मध्ये. त्यामुळे बाजारात जे परवडतं ते बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातलं. वयाची धास्ती सुरुवातीला वाटते, नंतर जाते. एवढं मात्र लक्षात ठेवावं की साठच्या दशकातल्या कित्येक विमानांत उपकरणं जिथे जागा मिळाली तिथे बसवलेली असतात. कृत्रिम क्षितिज डावीकडे, दिशादर्शक खाली कुठेतरी, उंचीमापक तिसऱ्याच कोपऱ्यात. उन्हात फिरायला त्याने काही बिघडत नाही. ढगात नजर ठरलेल्या वाटेने फिरवायची असते, तिथे ही भानगड नको. मधोमध क्षितिज, त्याच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा, अशी नेहमीची मांडणी असलेलंच विमान बघायचं, ही माझी पहिली अट.

दुसरी अट रेडिओंची. जाहिरातीत ‘आयएफआर’ (उपकरणांच्या भरवशावर उडण्याचे नियम) लिहिलं म्हणजे विमान ढगात न्यायच्या लायक झालं असं नाही. मी बघितलेलं एक १७२ फोटोत झकास दिसत होतं. नवा रंग, नव्या सीट, पॅनलच्या मध्ये रंगीत नकाशा दाखवणारा जीपीएस. प्रत्यक्ष आत बसल्यावर त्या जीपीएसखाली नखाएवढं स्टिकर दिसलं: फक्त व्हीएफआरसाठी (म्हणजे बाहेर बघून उडण्यापुरता). विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “अहो, मी तर यावरच सगळीकडे जातो.” जात असेल. पण इन्स्ट्रुमेंट अप्रोचसाठी जीपीएस नुसता चालू असून भागत नाही. तो त्या कामासाठी मंजूर असलेल्या जातीचा हवा, मंजूर पद्धतीने बसवलेला हवा, आणि फ्लाइट मॅन्युअलमध्ये त्याचं पुरवणी प्रकरण हवं. त्या पुरवणीत अप्रोचची परवानगी लिहिलेली नसेल तर समोर आहे तो महागडा नकाशा, बाकी काही नाही. हे सगळं नंतर करून घेता येतं, पण रेडिओच्या किमतीइतकंच बसवणाऱ्याचं बिल होतं आणि विमान विकताना त्यातले निम्मेसुद्धा सुटतील याची खात्री नसते. म्हणून माझं ठाम मत: रेडिओंवर आधीच्या मालकाने खर्च केलेलं विमान घ्यावं. रंग उडालेला असला तरी चालेल.

त्याच विमानाची दुसरी गोष्ट इंजिनाची. ते १७२एन होतं, १९७७ ते १९८० या काळातलं, म्हणजे लायकॉमिंगचं ओ-३२०-एच२एडी इंजिन. या इंजिनाच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या झिजेचा बोलबाला मोठा आहे. पुढे त्यात बदल झाले, आणि नियमित उडणारी इंजिनं व्यवस्थित चालतातही. पण हे विमान वर्षभर हँगरमध्ये झाकून ठेवलेलं. लायकॉमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो आणि त्यावर गंज धरतो. पुढे इंजिन चालू झालं की तो गंजलेला भाग घासत जातो. त्यामुळे ‘कमी तास उडालेलं इंजिन’ ही जाहिरात वाचली की मी आधी विचारायचो, हे तास किती वर्षांत झाले? या वर्गातल्या बऱ्याच लायकॉमिंग इंजिनांना कंपनी ओव्हरहॉलसाठी (पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी) २००० तास सांगते, पण सोबत १२ वर्षंही सांगते, आणि ते दुसरं वाक्य जाहिरातीत कधीच नसतं. निम्मे तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं.

मग मिळालं ते चेरोकी १८०. सत्तरच्या दशकातलं, रंग फिका, दाराचं रबर सैल. पॅनलवर मात्र गार्मिनचा ४३०डब्ल्यू जीपीएस, त्याची पुरवणी फ्लाइट मॅन्युअलमध्ये जागच्या जागी, दुसरा वेगळा नॅव्ह-कॉम (दिशा दाखवणारा आणि बोलण्याचा रेडिओ), ग्लाइडस्लोपसकट (उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या सुईसकट) दोन दर्शक, तापणारा पिटो (वेगमापकाला समोरची हवा पोचवणारी नळी) आणि विमानाचे पंख समतल ठेवण्यापुरता साधा ऑटोपायलट. टाक्या ५० गॅलनच्या. तासाला नऊ-दहा गॅलन धरले तरी ठरलेल्या ठिकाणी जाऊन, तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठून, वर ४५ मिनिटांचं इंधन उरतं. टाक्या भरून मी, प्रशिक्षक आणि बॅगा असं सगळं वजनात बसतं. एक कटकट आहे: चेरोकीत इंधनाचा खटका डावी किंवा उजवी टाकी एवढाच असतो, सेस्नासारखी ‘दोन्ही’ची सोय नाही. ढगात असताना टाकी बदलायची आठवण ठेवावी लागते. मी ते पत्करलं.

लॉगबुकं घरी मागवून घेतली नाहीत, विक्रेत्याकडेच बसून वाचली. मूळ वह्या कुणी पोस्टाने पाठवतो म्हणाला तरी नको म्हणावं. वह्या हरवल्या तर विमानाची किंमत धाडकन पडते आणि मग भांडण कुणाशी करायचं? वाचताना मी तारखांमधली भगदाडं बघत होतो: कधी किती महिने विमान जमिनीवर होतं, पंखाचं टोक किंवा प्रॉपेलर बदलला तर का. शंभर तासांच्या तपासण्यांच्या नोंदी किती, हेही पाहिलं. त्या जितक्या जास्त, तितकं ते विमान फ्लाइंग स्कूलमध्ये राबलेलं. याला कारण आहे. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ एका पीए-२८आर प्रशिक्षण विमानाचा पंख उडतानाच तुटला आणि आतले दोघेही गेले. पंखाच्या मुख्य तुळईला, बोल्टच्या भोकापाशी, थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर या घराण्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना त्या भोकांची एडी करंट तपासणी (विजेच्या साहाय्याने चिरा शोधण्याची) लागू झाली आणि ती कधी करायची हे ठरवताना शंभर तासांच्या तपासण्यांची संख्या धरतात. आपलं मॉडेल त्या यादीत असो वा नसो, पंखाचा इतिहास वाचायला तासभर दिला तर बिघडत नाही.

वजनाच्या कागदात एक गंमत सापडली. जुना एडीएफ रिसीव्हर (दिशा शोधणारा रेडिओ) कधीच काढून टाकलेला, पण सामानाच्या यादीत त्याचं वजन अजून मोजलेलं. विक्रेत्याने निमूटपणे कागद दुरुस्त करून घेतला. मला त्याचं वागणं आवडलं.

खरेदीपूर्व तपासणीला विक्रेत्याने स्वतःचा मेकॅनिक सुचवला. माणूस चांगला असेलही, पण त्याने स्वतः केलेल्या कामातल्या चुका त्यालाच कशा दिसणार? मी दुसऱ्या विमानतळावरचा, चेरोकींवर वर्षानुवर्षं काम केलेला मेकॅनिक बोलावला. त्यांच्या शेजारी उभा राहून मी बघत होतो. त्यांनी आधी इंजिन गरम करून घेतलं, मग एकेका सिलिंडरला ८० पीएसआयची हवा देऊन कम्प्रेशन मोजलं. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा खाली आला तेव्हा त्यांनी काही न बोलता एक्झॉस्टच्या तोंडाशी कान नेला, मग तेल भरायच्या तोंडाशी. “इकडून फुसफुसतंय, म्हणजे रिंगा. व्हॉल्व्ह नाही. हे चालतं,” म्हणाले. बोअरस्कोप आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड मला स्क्रीनवर दाखवलं: मधोमध गोल, सारख्या रंगाची वलयं. एका कडेला वेगळा डाग दिसला असता तर व्हॉल्व्ह जळायला लागला असं समजायचं. शेवटी ऑइल फिल्टर कापला, आतला घडीचा कागद अकॉर्डियनसारखा उलगडून उन्हात धरला आणि त्यावरून चुंबक फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही. कॅम झिजत असता तर लोखंडाचे बारीक कण इथेच दिसले असते.

गंज मात्र थोडा मिळाला, मागच्या सीटखाली आणि एका बिजागरीला. वरवरचा होता, पण भावात तो आणि दाराचं रबर धरलं गेलं. घासाघीस फार लांबली नाही. तपासणीचा लेखी अहवाल समोर असला की दोघांनाही बोलायला मुद्दे असतात.

ट्रायल फ्लाइटला आमचे प्रशिक्षक आले. मी उडवत होतो आणि ते मांडीवर वही घेऊन नुसती उपकरणं बघत होते. दोन्ही व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा दाखवणारे दर्शक) एकाच स्टेशनवर लावून त्यांच्यातला फरक पाहिला. तोच आयएलएस आधी एका दर्शकावर, मग दुसऱ्यावर उडवला. दिशादर्शक होकायंत्राशी जुळवून ठेवला आणि पंधरा मिनिटांनी तपासला. तीन अंशांच्या आत सरकला होता, जायरो (आतलं फिरतं चाक) ठणठणीत. तो फिरवणाऱ्या हवेचं सक्शन पाचच्या जवळ. मग त्यांनी पर्यायी स्टॅटिकचा (उंचीमापकाला हवेचा दाब पोचवणाऱ्या दुसऱ्या वाटेचा) खटका ओढायला सांगितला. उंचीमापकाची सुई जराशी वर सरकली, म्हणजे तो मार्ग मोकळा आहे. सुई हललीच नसती तर काळजीची गोष्ट होती. जमिनीवर परतल्यावर पिटो हीटचं बटण दाबलं आणि अ‍ॅमीटरची सुई हलते का पाहिलं. शिवाय खाली उतरून पंखाखालच्या दांड्याला हात लावून बघितला. हात पटकन काढावा लागला.

बाकी सोपस्कार भराभर उरकले. विमानावर कुणाचं कर्ज तर नाही याचा शोध, पैसे तिसऱ्याच्या ताब्यात ठेवून कागद हातात आल्यावरच सोडणं, विमा. विमावाल्यांनी माझे तास विचारले आणि रेटिंग नाही म्हटल्यावर हप्ता वाढवला. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

घेतल्यावर लगेच विमान एव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) दुकानात गेलं, कारण पिटो-स्टॅटिक आणि ट्रान्सपाँडरच्या (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राच्या) तपासणीची मुदत संपत आली होती. अमेरिकेच्या नियमात ती दर २४ महिन्यांनी करावी लागते. त्यात स्टॅटिकच्या वाहिनीत गळती निघाली. पॅनलमागचा एक जुना रबरी पाइप चिरलेला. उन्हात उडताना हे कधीच कळलं नसतं. जायरो फिरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या तासांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. म्हणून तो चालू असूनही बदलला आणि नव्या पंपावर तारीख रंगवली. हे कोरडे पंप आधी कसलीही सूचना न देता तुटतात आणि मग क्षितिज आणि दिशादर्शक दोन्ही हळूहळू भरकटतात, तेही असे की सुरुवातीला खरंच वाटावेत. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो म्हणून तो शिल्लक राहतो. प्रशिक्षकांनी न्हाणीघरातल्या साबणाच्या रबरी चकत्या आणल्या आहेत. अप्रोचच्या मध्यावर त्या त्या दोन उपकरणांवर चिकटवतात आणि म्हणतात, “पंप गेला. आता?”

जीपीएसचा डेटाबेस दर २८ दिवसांनी नवा घ्यावा लागतो, त्याची वर्गणी भरली आहे. जायरोंच्या जागी इलेक्ट्रॉनिक क्षितिज बसवायचा मोह होतो, पण रेटिंगची परीक्षा होईपर्यंत पॅनलला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. त्या कामाला विमान कित्येक आठवडे दुकानात अडकतं, आणि विमान घेतलं ते प्रशिक्षणात खंड पडू नये म्हणूनच.