तांबडी सुर्लाच्या रानात शहर शोधायला गेलो त्याची गोष्ट

गोव्यातल्या तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पाहून आलेला माणूस एक तर्क हमखास सोबत घेऊन येतो. एवढं कोरीव देऊळ काय कोल्ह्यांसाठी बांधलं? शेजारी शहर असणारच, रानानं गिळलं असेल. आमच्या फोंड्याच्या घरात हा तर्क काकांनी तीस वर्षं जिवंत ठेवला होता. साकोर्ड्याकडचा कुणी भेटला की "चौथरे-बिथरे दिसतात का हो तिकडे?" हा प्रश्न ठरलेला. यंदा जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ ते चौथरे शोधायला निघालो.

पणजीहून हे अंतर 65 किलोमीटरच्या आसपास भरतं. आम्ही फोंड्याहून धारबांदोडा, साकोर्डा, बोळकर्णे असे गेलो. स्वतःची गाडी नसेल तर मोलेहून रिक्षा किंवा जीप ठरवा, आणि परतीचंही तेव्हाच बोलून घ्या. तिथून संध्याकाळी काही मिळेल या भरवशावर राहू नका. पेट्रोल धारबांदोड्यापर्यंतच भरून घ्यावं. बोळकर्णे सोडल्यावर माझा फोन गप्प झाला, भावाचा त्याआधीच झाला होता.

देवळाविषयी थोडं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हे कदंबांच्या, म्हणजे गोव्यावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या काळातलं, बहुधा बाराव्या शतकातलं. गोव्याचा दगड म्हणजे जांभा. त्यात इतकं बारीक काम होत नाही. हे देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे आणि तो दगड घाटापलीकडून आणला असं मानतात. मंडपाच्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही, म्हणून वाका. वरचं छत म्हणजे दगडाचं कमळ. मध्ये नंदी बसलाय, पण त्याला डोकं नाही. शिखर पुरं झालेलंच नाही, आणि सगळं देऊळ मनात धरलेल्या आकारापेक्षा बरंच लहान निघतं. काकांच्या तर्काला पहिला तडा इथंच गेला. राजधानीचं देऊळ एवढंसं?

पुढचं रान भगवान महावीर अभयारण्यातलं. देवळापर्यंत कुणीही जावं. त्यापुढे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मोलेला वन खात्याकडे आधी चौकशी करा आणि गावातला वाटाड्या घ्या. आमच्याबरोबर साठीतले एक गांवकार आले. हातात कोयता, पायात साध्या चपला. आमचे नवे बूट बघून ते हसले, पण बोलले काही नाहीत. (तुम्ही बूटच घाला. त्यांचे पाय वेगळे.)

कपड्यांचं मात्र मनावर घ्या. अंगभर बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. कोरड्या पाचोळ्यावर बसायचं नाही, भूक लागली तरी उभ्यानं खायचं. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडत आलेत, आणि सत्तरी इथून लांब नाही. हा ताप गोचिडीतून येतो आणि याचे दिवस म्हणजे साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमके भटकंतीचे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात ताप आला तर रानात गेला होता हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. वाघ-बिबट्याच्या गोष्टी सगळे रंगवून सांगतात, गोचिडीची कुणी सांगत नाही. पावसाळ्यात जळवा असतात, ओढे अचानक फुगतात; त्या दिवसांत देवळावरूनच परत फिरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

तासाभरानं आम्हाला भिंत सापडली. खरंच भिंत! जांभ्याचे दगड एकावर एक, वेलींखाली लांबवर गेलेले. भाऊ तर फोटो काढत सुटला. मी मनातल्या मनात काकांना फोन लावला. गांवकारांनी कोयत्यानं दोन वेली बाजूला केल्या आणि म्हणाले, "कुळागराचो बांद हो." कुणाच्या तरी सोडून दिलेल्या सुपारीच्या बागेचा बांध होता तो. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुढचं सांगितलं: "हांगा शार नासलें. हांगा वाट आशिल्ली." इथं शहर नव्हतं, वाट होती.

मग ती वाट त्यांनी हातानं दाखवली, घाटाच्या अंगाला, झाडीत शिरणारी. खालून मीठ वर जायचं, वरून धान्य खाली यायचं, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. घाट चढण्याआधी माणूस देवापुढे थांबणार, उतरून आलेलाही थांबणार. एवढ्यासाठी एवढं देऊळ पुरेसं आहे. बेसाल्ट घाटावरून आणायचा तर अशाच कुठल्या वाटेनं आला असेल, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

परतताना आम्ही चूक केली. गांवकार ओढ्यावर पाणी प्यायला थांबले आणि आम्ही शहाणे "वाट कळली" म्हणून पुढे. दोन ओढे मिळतात तिथं डावा धरायचा तो उजवा धरला. वीस मिनिटांनी समोर गवा. एकटा, काळा, आमच्याकडे बघत. हाक मारावी की गप्प राहावं यातच आमचा घसा सुकला. आम्ही पाठ न दाखवता मागे सरकलो, तोही कंटाळून झाडीत गेला. गांवकार येऊन भेटले तेव्हा ते आम्हाला काही बोलले नाहीत, पण देवळापर्यंत स्वतःच पुढे चालले. तेव्हा दोन ओढे मिळतात तिथं वाटाड्याची वाट बघा. रानात चारनंतर राहू नका. घाटाच्या सावलीत काळोख लवकर पडतो.

शहर बघायचंच असेल तर ते चांदरला आहे. शिरोड्याच्या ताम्रपटात भोज घराण्यातल्या देवराज राजाचं चंद्रपूर येतं, ते हे. पुढे कदंबांचीही राजधानी इथंच, अकराव्या शतकात ते झुवारीकाठच्या गोपकपट्टणला जाईपर्यंत. 1929 मध्ये फादर हेन्री हेरास यांनी इथं खोदकाम केलं. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे गेलो. मडगावहून अर्ध्या तासाची वाट, रेल्वे स्टेशनही आहे. ना रान, ना परवाना, ना गोचीड. माडांच्या सावलीत विटांच्या देवळाचा पाया, आणि तिथंही एक नंदी, पुन्हा बिनडोक्याचा. सापडली तरी विटेचा तुकडा खिशात घालू नका, आणि खड्डा खणायचं तर मनातही आणू नका; संरक्षित जागा आहे. जमलं तर कार्निव्हालच्या दिवसांत जा. गावातले ख्रिस्ती चारडी, म्हणजे मूळचे क्षत्रिय, मुसळं घेऊन नाचतात. तो मुसळ खेळ जुन्या राज्यांच्या वेळचा असं गावात सांगतात.

शेजारच्या घरातली एक आजी कोंबड्यांना दाणे टाकत होती. आम्ही कुंपणापाशी बराच वेळ रेंगाळलेले बघून तिनं विचारलं, "कितें सोदता रे?"

भाऊ म्हणाला, "शार."

तिनं आमच्या पायांकडे, पायाखालच्या मिरच्यांकडे बघितलं. "मागीर कुशीक राव. म्हज्या मिरसांगांचेर उबो आसा तूं."