ओल भिंतीत नव्हतीच

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एका जुन्या देसाई घराण्याचा वाडा. मागच्या भिंतीला ओल, तेवढी बघायची होती. दीड हात जाड जांभ्याची भिंत, त्यावर कधीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिक इमल्शन रंग. मुठीने ठोकत गेलो तर कमरेपर्यंत बद्द आवाज.

चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण छिद्रं राहतातच. तो पाणी पितो आणि सोडतोही. चुना ते सोडू देतो, सिमेंट अडवतं. मग क्षार गिलाव्याआड साचून फुगतात आणि चिऱ्याचं तोंड भुशासारखं सुटतं. छिन्नी लावली तर गिलाव्यासोबत बोटभर चिराही हातात आला. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडायचे, पाण्याने धुतले की विरघळून परत आत जातात. हे तीनदा सांगूनही एक मेस्त (गवंडी) नळी घेऊन उभा होताच!

पण खरा घोळ बागेत होता. राजांगणातलं तुळशीवृंदावन जागच्या जागी, विहिरीवरून पोफळींना जाणारा पाटही शाबूत. भिंतीलगत मात्र नवं लॉन. त्यासाठी भरलेल्या मातीत जोतं ९ इंच बुडालेलं. भिंतीपासून दोन फुटांवर खणलं, तर वीतभर खाली चिऱ्यांची चर लागली, लाल मातीने गच्च. पागोळ्यांचं पाणी झेलून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेण्यासाठी ती बांधलेली. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हिच्यावर माती टाकायची म्हणजे कमाल आहे. वर उन्हाळ्यात स्प्रिंकलर, म्हणजे भिंतीला बारमाही पाणी.

माती जोत्याखाली वीतभर उतरवली, चर मोकळी केली, १० फुटांना इंचभर उतार राखला. मग १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू घातली तर क्षार आपणच आणून ठेवतो. थर १० ते १२ मिलिमीटरचे, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा.

एवढी जाड भिंत सुकायला अख्खा उन्हाळा तरी द्यायला हवा होता. चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून भिंत त्याआधी पांढरी हवी होती. चर मार्चमध्ये झाली आणि गिलावा मे महिन्यात. मी नाही म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये फोटो आला: कोपऱ्यात तळहाताएवढा पांढरा डाग. आतले जुने क्षार चुन्यातून बाहेर पडत असतील, तर ते चांगलंच. चर पुन्हा तुंबली असेल, तर नाही. फोटोवरून दोन्ही सारखंच दिसतं. माळ्याने स्प्रिंकलर कुठे लावलाय, एवढंच विचारलंय.