आमची वाटचाल : यंत्राआधी विजेची तपासणी

परभणीत १९९९ साली आम्ही ध्वनियंत्रणा दुरुस्तीचे दुकान सुरू केले, तेव्हा मुख्य काम भजनी मंडळांच्या आणि मंडपवाल्यांच्या ॲम्प्लिफायरचे होते. घरी बसून शांतपणे गाणे ऐकण्यासाठी खर्च करणारी माणसे थोडी असली, तरी ती चोखंदळ होती. त्यांच्यासाठी आम्ही स्वतः ॲम्प्लिफायर बांधून देऊ लागलो, आणि या यंत्रांतल्या बिघाडांनीच आम्हाला आजच्या व्यवसायाकडे, म्हणजे आधी घरातली वीज तपासून मग ध्वनियंत्रणेचा सल्ला देण्याकडे, आणले.

पहिल्या दोन वर्षांत बांधलेल्या यंत्रांपैकी बरीच परत आली, आणि बहुतेकांत फिल्टर कंडेन्सर (डीसी वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे भाग) फुगलेले होते. ट्रान्सफॉर्मरमधून ३५ व्होल्ट एसी निघाला की एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर तो सुमारे ४९ व्होल्ट डीसी होतो, म्हणून ५० व्होल्टपर्यंत सोसणारे कंडेन्सर पुरतील असे आम्ही धरून चाललो होतो. हे गणित घरात नेमके २३० व्होल्ट असतील तरच जुळते. खेड्यात शेतीच्या मोटारी बंद झाल्या की डीपीवरचा (गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार एकदम उतरतो, घरातले व्होल्टेज २६० पर्यंत चढते, आणि तेच ४९ व्होल्ट ५५ च्या पुढे जातात. चूक सर्वस्वी आमची होती. ती सगळी यंत्रे आम्ही परत मागवली, ६३ आणि ८० व्होल्टचे कंडेन्सर बसवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दुकानाचे ते वर्ष फार कठीण गेले.

याच काळात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक अभियंता आमच्याकडे रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले आणि पुढे अनेक वर्षे येत राहिले. ते आमचे गुरुच झाले. ग्राहकाच्या घरी गेल्यावर यंत्राला हात लावण्याआधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये फेज (वीज आणणारी तार), न्यूट्रल (ती परत नेणारी) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली) यांची फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी तीन मापे घ्यायची, आणि तीही सकाळी एकदा व रात्री एकदा, ही शिस्त त्यांनी लावली. डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला तर एका घरात दीडशे व्होल्ट आणि शेजारच्या घरात तीनशेच्या वर, असा प्रकार होऊ शकतो, आणि अशा घरात कितीही उत्तम यंत्र दिले तरी ते टिकणार नाही, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळले.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरचा प्रसंग आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. या गुरुजींचा ॲम्प्लिफायर सतत घुमत असे. आम्ही दोनदा यंत्र दुकानात आणले, आमच्याकडे ते निर्दोष वाजले, आणि घरी नेल्यावर पुन्हा घुमू लागले. तिसऱ्या वेळी आम्ही घरीच बसून एकेक जोडणी काढली; टीव्हीची केबल काढताच आवाज थांबला. केबलच्या तारेचे अर्थिंग दूर कुठेतरी होते आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग घरातल्या सॉकेटमध्ये. या दोन अर्थिंगमध्ये जो थोडा फरक होता, त्यामुळे ध्वनीच्या तारेवरच्या धातूच्या जाळीतून प्रवाह वाहत होता आणि तोच ५० हर्ट्‌झचा घुमणारा आवाज होता. फिल्टर कंडेन्सर सुकल्यावर येणारी घरघर १०० हर्ट्‌झची असते, म्हणजे एक सप्तक वर, आणि कान तयार असेल तर हा फरक यंत्र न उघडताही ओळखता येतो. आम्ही तोवर तो कधी लक्षपूर्वक ऐकलाच नव्हता.

पण खरी भीती वाटली ती त्यांच्या प्लगकडे पाहून. कुणीतरी आवाज घालवण्यासाठी अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला त्यांना दिला होता, आणि दुसऱ्या एका यंत्राची पिन खरोखर कापलेली होती. पिन कापल्याने घुमणे कमी होते हे खरे आहे. परंतु ज्या दिवशी आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन जाईल, त्या दिवशी धातूच्या डब्यात २३० व्होल्ट उतरतील आणि अर्थची वाट तुटलेली असल्याने फ्यूज जाणार नाही. घरात नातवंडे त्या यंत्राची बटणे फिरवत होती. आम्ही तिथेच प्लग बदलला आणि केबलच्या तारेवर आयसोलेटर (टीव्हीचे चित्र येऊ देणारा, पण केबलकडच्या अर्थिंगची जोड तोडणारा भाग) बसवला. तेव्हापासून अर्थ तोडून आवाज बंद करण्याचे काम आम्ही कोणत्याही मोबदल्यात करत नाही. असा आग्रह धरणारे काही ग्राहक आम्ही सोडले आहेत.

त्यानंतर आम्ही सल्ल्याचे स्वतंत्र शुल्क घेऊ लागलो. सुरुवातीला लोकांना हे खटकले, कारण सल्ला दुकानात फुकट मिळतो अशी आपल्याकडे समजूत आहे. मात्र लेखी मापे हातात पडल्यावर विश्वास बसत गेला. पुष्कळदा आमचा सल्ला काहीही विकत न घेण्याचा असतो. भिंतीतली जुनी तार तशीच ठेवून शेवटच्या दीड मीटरसाठी महागडी पॉवर केबल घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. ५० वॉटच्या दोन चॅनेलच्या ॲम्प्लिफायरला स्टॅबिलायझर खरोखर लागत असेल तर तो किमान ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा असावा, नाहीतर तबल्याच्या जोरदार थापेला यंत्राला लागणारा प्रवाह तिथेच अडतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी झालेले असू शकते. म्हणून आम्ही नव्या ग्राहकाकडे पावसाळ्यात गेलो असलो, तरी उन्हाळ्यात त्याच शुल्कात पुन्हा एक फेरी करतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सांगतो, गरज असेल तिथे कोळसा आणि मीठ नव्याने भरून घेतो, आणि अर्थ टेस्टरचे (अर्थिंगचा विरोध मोजणाऱ्या यंत्राचे) माप ५ ओहमच्या आत आल्याशिवाय नवीन ॲम्प्लिफायर जोडत नाही. गुरुजींच्या घरची पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली अशी दोन्ही मापे दर वर्षी त्यांच्याच वहीत लिहून ठेवलेली आहेत.