नवतपात बोर्ड टेस्टिंग: एएम४ चे तीन बोर्ड झाले, बी६५० बेंचवर चढला

मागच्या वेळी लिहिलं होतं की एकच प्रोसेसर घेऊन तीन मदरबोर्डांवर (ए५२०, बी४५०, बी५५०, ही नावं त्यांच्या चिपसेटची) फिरवतो अन् बघतो चिपसेटने नक्की काय बदलतं. ते काम झालं, म्हणजे एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट, प्रोसेसर बसायची जागा) वालं झालं. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटचा बी६५० परवाच आला आणि इंटेलचा बी७६० मामेभावाकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणलाय. सगळं नागपुरात, गच्चीखालच्या खोलीत, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. हे मुद्दाम सांगून राहिलो कारण बोर्डांच्या ज्या टेस्ट आपण बघतो त्या बहुतेक २०-२२ डिग्रीच्या एसी खोलीतल्या असतात, आणि माझ्या खोलीत खिडकीतला कूलर फुल चालू असला तरी ३४-३५ असतं, कूलर बंद केला की ३९. त्यांच्या टेस्टमध्ये ९० डिग्रीपर्यंत तापणारा बोर्ड आपल्याकडे १०३ ला जातो, एवढं साधं गणित आहे पण बोर्ड घेताना कोणी धरत नाही.

सीताबर्डीत बोर्ड घ्यायला गेलो की पहिलं वाक्य अजूनही तेच, "भाऊ, चिपसेट मोठा घ्या, मशीन फास्ट चालते." हे एकेकाळी शंभर टक्के खरं होतं. आमच्या घरी २००९ साली जी३१ चा बोर्ड आला होता, कोअर २ ड्युओ लावलेला. त्यात चिपसेटच्या दोन चिप, नॉर्थब्रिज वेगळा, साउथब्रिज वेगळा, आणि रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नाही तर त्या नॉर्थब्रिजमध्ये. म्हणजे रॅम किती लागेल, किती स्पीडने चालेल, प्रोसेसर अन् रॅमचं बोलणं किती लवकर होईल, हे सगळं चिपसेट ठरवायचा. जी३१ वर ४ जीबीच्या पुढे रॅम चालतच नव्हती. पण एएमडीने २००३ मध्येच अ‍ॅथलॉन ६४ ला रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये नेहालेमला नेला, अन् २००९ च्या पी५५ चिपसेटपासून इंटेलच्या साध्या डेस्कटॉप बोर्डावरचा नॉर्थब्रिज संपलाच. ग्राफिक कार्डच्या लेनही (डेटा ये-जा करायचे रस्ते) प्रोसेसरमधूनच यायला लागल्या. आता चिपसेट म्हणजे जुन्या साउथब्रिजचा वंशज, जास्तीचे यूएसबी, साटा (हार्डडिस्कची जोडणी), एखाददुसरा एम.२ (छोट्या एसएसडीचा) स्लॉट अन् काय करू द्यायचं काय नाही याची परवानगी. गेममधली फ्रेम अन् रेंडरचा वेळ त्यावर ठरत नाही. दुकानातलं वाक्य मात्र तिथंच राहिलं.

तर टेस्ट. प्रोसेसर रायझन ९ ५९००एक्स, १२ कोअर. डब्यावर १०५ वॅट लिहिलंय पण सॉकेटमधून तो १४२ वॅटपर्यंत ओढतो, ती एएमडीची ठरवलेली लिमिट आहे, आणि सतत चालणाऱ्या करंटची लिमिट ९५ अँपिअर. रॅम तीच, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तोच, प्रोसेसरवरचा टॉवर कूलर तोच, थर्मल पेस्ट दरवेळी नवीन. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी टेस्ट) अर्धा तास सतत, व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधून, आणि खात्रीसाठी बोर्डाच्या मागच्या बाजूला मॉसफेटच्या (व्हीआरएममधले स्विच) बरोबर खाली के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) चिकटवलेला. खोली ३५ वर आली की मगच रन.

पहिल्या १० मिनिटांत तिन्ही बोर्डांचे स्कोअर जवळजवळ सारखेच, फरक एक टक्क्याच्या आत. इथंच थांबलो असतो तर ए५२० अन् बी५५० मध्ये काही फरक नाही असं लिहून मोकळा झालो असतो. खरी गोष्ट ११ व्या मिनिटाला सुरू झाली. बी५५० चा व्हीआरएम ७८ वर जाऊन स्थिर झाला. बी४५०, जो माझा २०१९ पासूनचा बोर्ड आहे, तो ९४ वर. आणि ए५२० थांबेचना, १००, १०५, ११०, आणि ११२ च्या आसपास क्लॉक (प्रोसेसरचा वेग) धाडकन खाली, मग थोडा थंड झाला की वर, परत खाली, असं शेवटपर्यंत. प्रोसेसर स्वतः फक्त ७४ वर होता बरं का. म्हणजे कोणी फक्त प्रोसेसरचं तापमान बघत बसला असता तर त्याला कळलंच नसतं की मशीन हळू काहून होऊन राहिली.

आता हा दोष ए५२० चिपसेटचा आहे का? अजिबात नाही. त्या बोर्डाला ४ फेज (करंट वाटून घेणाऱ्या व्हीआरएमच्या शाखा) अन् मॉसफेटवर हीटसिंकच नव्हता, आणि माझ्या बी५५० ला ८ फेज अन् दोन जाड हीटसिंक. एसएमपीएसमधून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण १.१-१.२, ते उतरवायचं काम व्हीआरएमचं. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त. ९५ अँपिअर ४ फेजमध्ये वाटले तर प्रत्येकाला जवळपास २४ आले, ८ मध्ये वाटले तर १२. आणि मॉसफेटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट निम्मा झाला की त्या एका फेजची ही उष्णता पाव होते, फेज दुप्पट धरले तरी एकूण निम्मीच. वर मॉसफेट तापला की त्याचा रेझिस्टन्सही वाढतो, म्हणून अजून तापतो. खोलीतले १५ डिग्री जास्तीचे असले की हे चक्र लवकर सुरू होतं, मला वाटतं आपल्याकडे विदर्भात स्वस्त बोर्ड मे महिन्यातच का त्रास देतात त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

त्याच ए५२० वर रायझन ५ ५६०० लावून बघितला. तो ७६ वॅटच्या पुढे जात नाही. अर्धा तास रन, व्हीआरएम ८३, क्लॉक जागच्या जागी. ज्याला ५६०० लावायचा आहे, एक ग्राफिक कार्ड, एक एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी वेगवान एसएसडी), बास, त्याने ए५२० बिनधास्त घ्यावा अन् उरलेले पैसे एसएमपीएसमध्ये घालावे, हे मी आता छातीठोक सांगतो. फक्त एक लक्षात ठेवा की ए५२० वर सगळंच पीसीआयई ३.० (लेनची ४.० पेक्षा हळू पिढी) आहे आणि प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) बंद.

फेजचे आकडे वाचताना एक काळजी घ्या. डब्यावर १० फेज लिहिलेलं असतं अन् कंट्रोलर प्रत्यक्षात ५ च चालवत असतो, बाकी दुप्पट केलेले किंवा एकाच सिग्नलवर दोन-दोन जोडलेले. ते वाईटच असतं असं नाही, करंट वाटला तर जातोच, पण दोन बोर्डांची तुलना करताना कंट्रोलरचा अन् मॉसफेटचा नंबर शोधून बघावा लागतो.

अजून एक सापडलं ते मला सगळ्यात कामाचं वाटतं. टॉवर कूलर काढून प्रोसेसरसोबत मिळणारा, वरून खाली हवा मारणारा स्टॉक कूलर ए५२० वर लावला, ५६०० सोबत. प्रोसेसर ९ डिग्री जास्त तापला पण व्हीआरएम ८३ चा ७१ वर आला, कारण ती हवा सॉकेटच्या आजूबाजूला बोर्डावरच पडते. टॉवरची हवा आडवी निघून जाते, आणि लिक्विड कूलर लावला तर सॉकेटजवळ वाराच नाही. मग टॉवर परत लावला अन् एका जुन्या एसएमपीएसमधला ८० एमएमचा पंखा झिपटायने मॉसफेटच्या वर बांधला, परत ५९००एक्स टाकला, अर्धा तास झाला, व्हीआरएम ९१ आणि एकदाही क्लॉक पडला नाही! ज्यांच्याकडे आधीच हलका बोर्ड अन् मोठा प्रोसेसर आहे त्यांनी बोर्ड बदलण्याआधी हे नक्की करून पाहा.

लेनचा विषय. बी५५० वर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई टाकला त्या रात्री माझ्या दोन्ही हार्डडिस्क गायब झाल्या. त्यात बाबांच्या रिटायरमेंटचे, आजीचे, सगळे व्हिडिओ आहेत, दोन्ही एकदम कशा जातील, केबल बदलली, एसएमपीएस बदलला, रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. सकाळी मॅन्युअल उघडलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, दुसरा एम.२ वापरला तर साटा ५ अन् ६ बंद. डिस्क १ अन् २ ला जोडल्या, सगळं जसंच्या तसं. कंपनीची चूक नाही, चिपसेटच्या लेन मोजक्याच असतात अन् त्या कुठंतरी वाटून घ्याव्याच लागतात. पण आता मी बोर्ड घेण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ उतरवून स्टोरेजचं पान आधी वाचतो.

एएम४ प्रोसेसरमधून वापरायला २० लेन मिळतात, १६ ग्राफिक कार्डला, ४ पहिल्या एनव्हीएमईला, अन् वेगळ्या ४ चिपसेटकडे जातात. चिपसेटला लटकलेलं सगळं, यूएसबी, साटा, लॅन, दुसरा एम.२, त्या चारच लेनमधून ये-जा करतं. बी५५० मध्ये चिपसेटच्या पुढच्या लेन पीसीआयई ३.० आहेत, बी४५० मध्ये २.०. माझा जो एनव्हीएमई बी४५० च्या पहिल्या स्लॉटमध्ये सेकंदाला ३,४०० एमबीच्या आसपास देतो तोच दुसऱ्या स्लॉटमध्ये १,६०० वर अडकला. रोजच्या वापरात जाणवत नाही, मोठ्या व्हिडिओ फाइल हलवताना जाणवतो. एक्स५७० मध्ये चिपसेटपर्यंत अन् त्याच्या पुढेही ४.० आहे, पण तो चिप स्वतःच इतका तापतो की बहुतेक बोर्डांवर त्याला छोटा पंखा दिलाय. आपल्याकडची धूळ अन् तो इवलासा पंखा, मी तरी घेणार नाही. २०२१ पासून बिनपंख्याचे एक्स५७० जास्त यायला लागले, तसा कोणी विकत असेल तर बघेन.

बी४५० बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जावत नाही. हा बोर्ड मी रायझन ५ २६०० साठी घेतला होता. २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं की झेन ३ (५९००एक्स, ५६०० ची पिढी) फक्त ५०० वाल्या चिपसेटवर चालेल, कारणांमध्ये एक कारण असं की बऱ्याच बोर्डांची बायोसची (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) चिप १६ एमबीचीच आहे अन् त्यात इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर मावत नाहीत. लोकांनी मे महिन्यात इतका आवाज केला की त्याच महिन्यात निर्णय बदलला, बी४५० अन् एक्स४७० ला परवानगी मिळाली, आणि २०२२ मध्ये तर ३०० वाल्यांनाही. आज त्याच बोर्डावर १२ कोअर चालून राहिले. नवीन प्रोसेसर लावायच्या आधी जुना लावलेला असतानाच बायोस अपडेट करून घ्या, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि लाईट जायची शक्यता असेल तर इन्व्हर्टरवर. बोर्डाला प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं बटण असेल तर ते मोठं सुख आहे, मी आता ते बटण बघूनच घेतो.

बी६५० कालच चढवला, रायझन ७ ७७०० सोबत. पिना आता प्रोसेसरला नाहीत, सॉकेटमध्ये आहेत, १७१८, त्यामुळे प्रोसेसर ठेवताना हात जरा थरथरला. पहिल्यांदा चालू केला तर स्क्रीन काळी, पंखे फिरून राहिले, चार-पाच मिनिटं काहीच नाही. डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाशी जुळवून घेणं) चालू असतं, पहिल्या बूटला वेळ लागतो हे वाचलेलं होतं म्हणून हात लावला नाही, नाहीतर बंद-चालू करत बसलो असतो. नवीन असेंबल करणाऱ्यांनी इथं धीर धरा. चिपसेटचं म्हणाल तर बी६५० मध्ये एक चिप आहे अन् एक्स६७० मध्ये तीच चिप दोनदा, एकामागे एक जोडलेली. दुसरी चिप पोर्ट वाढवते, प्रोसेसरकडे जाणारा रस्ता तोच, पीसीआयई ४.० च्या चार लेन. ज्याला सहा-सात डिस्क अन् खूप यूएसबी लागत नाही त्याने एक्स६७० साठी पैसे का द्यावे मला समजत नाही. बी८४० अन् बी८५० ही नावं मात्र सांभाळून वाचा, फक्त १० चा फरक दिसतो पण बी८४० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद आहे आणि चिपसेटच्या लेनही ३.० वाल्या.

मामेभावाचा बी७६० डीडीआर४ वाला आहे, आय५ १२४०० सोबत, तो अमरावतीला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच बी७६० चे डीडीआर५ वाले बोर्डही मिळतात, कारण कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे अन् त्या पिढीच्या प्रोसेसरला दोन्ही जमतात, बोर्डवाला जे स्लॉट लावेल ते. त्याने जुनी ३२ जीबी रॅम तशीच वापरली, पैसे वाचले. झेड७९० अन् बी७६० मधला खरा फरक म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या लेन ८ विरुद्ध ४, अन् नावात के असलेल्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग. १२४०० ला दोन्हीचा उपयोग नाही. त्याचा व्हीआरएम अर्ध्या तासात ६९, कॅबिनेट बंद ठेवून.

खिडकीतल्या कूलरच्या हवेबद्दल बऱ्याच जणांना भीती असते. दमट हवेने बोर्डावर पाणी धरत नाही, कारण चालू बोर्ड खोलीपेक्षा गरमच असतो. त्रास होतो तो धुळीचा, ओलसर धूळ हीटसिंकच्या फटीत चिकटते अन् फुंकून निघत नाही. बी४५० चा हीटसिंक यावेळी खोलून ब्रशने साफ केला, थर्मल पॅड नवे टाकले, तेव्हा ९४ आला. त्याआधी त्याच खोलीत, त्याच ३५ वर तो १०१ दाखवत होता. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डागसुद्धा मला आतल्या पत्र्यावर सापडले.

बी६५० चा पूर्ण रन बाकी आहे. ७७०० ची लिमिट ८८ वॅट, त्याच्याकडून हा बोर्ड तापेल असं वाटत नाही, म्हणून १७० वॅटवाला, म्हणजे प्रत्यक्षात २३० ओढणारा ७९५०एक्स एका मित्राकडून रविवारी मिळून राहिला. त्या दिवशी कूलर बंद करून ३९ वरही एक रन घेईन. पाऊस लागला की हे तापमान परत पुढच्या मे महिन्यापर्यंत मिळणार नाही, म्हणून घाई आहे. चंद्रपूर, अकोल्याकडच्या कोणी स्वतःच्या बोर्डाचे आकडे काढले असतील तर खोलीचं तापमान अन् प्रोसेसरचा कूलर कोणता, हे दोन सोबत लिहा, त्याशिवाय माझ्या आकड्यांशी ते जुळवता येत नाहीत.