शॉम्बर्गची कॉमिक्स जत्रा: दुसरा अंकही मागा

हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटरचा ब्लॅक कॉमिक बुक फेस्टिव्हल भाचीसोबत पाहून आले. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळींना कॉमिक्सचं संमेलन म्हटलं की मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला जेविट्स सेंटरमध्ये भरणारं अवाढव्य प्रकरणच आठवतं. हे त्यातलं नव्हे. इथे प्रवेश फुकट, आधी ऑनलाइन नाव नोंदवलं की झालं. टेबलामागे बसलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच लेखक, स्वतःच प्रकाशक आणि चाकांच्या बॅगेतून खोकी ओढत आणणाराही स्वतःच.

जायचं कसं? एडिसन, मेटुचनकडच्यांनी न्यू जर्सी ट्रान्झिटने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन गाठावं, तिथून 2 किंवा 3 नंबरची अपटाऊन सबवे पकडून 135 स्ट्रीटला उतरावं. वर आलात की माल्कम एक्स बुलेव्हार्डवर शॉम्बर्ग समोरच आहे. सकाळी दारं उघडतानाच पोचा. दुपारनंतर टेबलांमधून वाट काढणं मुश्कील होतं, आणि चांगली पुस्तकं तोवर हातोहात गेलेली असतात. तारीख मात्र गृहीत धरू नका. 2013 साली सुरू झाल्यापासून बरीच वर्षं हा महोत्सव जानेवारीत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीच्या आसपास भरायचा. 2025 मध्ये केंद्राच्या शताब्दीमुळे तो साहित्य महोत्सवाबरोबर जूनमध्ये झाला. ग्रंथालयाचं वेळापत्रक बघूनच बेत आखा.

हो, ग्रंथालय. शॉम्बर्ग ही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची संशोधन शाखा. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनी जमवलेला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह लायब्ररीने 1925 साली इथे सुरू केलेल्या विभागासाठी 1926 साली विकत घेतला, त्याभोवती हे केंद्र वाढलं. आत गेल्यावर लॉबीतल्या फरशीवर गोल नक्षी दिसेल. तिच्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. पोरं तिच्यावरून बागडत असतात, कोणी ओरडत नाही. मला ते आवडलं.

अशी जत्रा लागते कशाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1947 साली फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लेखक, चित्रकार सगळे कृष्णवर्णीय, किंमत 15 सेंट. पहिला अंक निघाला, दुसऱ्याची तयारीही झाली. पण कागदवाल्यांनी न्यूजप्रिंट, म्हणजे छपाईचा कागद द्यायलाच नकार दिला. दुसरा अंक कधी निघाला नाही. पुढे 1993 मध्ये माइलस्टोन ही कृष्णवर्णीयांची कॉमिक्स कंपनी उभी राहिली, तेव्हा वितरणासाठी सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसीचा हात धरावा लागला. छापायला पैसा कसाबसा जमतो. अडतं ते कागदात, वितरणात, दुकानाच्या फडताळात. अलीकडचंच घ्या: जानेवारी 2025 मध्ये डायमंड या मोठ्या वितरक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कन्साइनमेंटवर, म्हणजे विकला जाईपर्यंत प्रकाशकाचाच या बोलीवर, ठेवलेल्या मालावरून छोट्या प्रकाशकांना कोर्टकचेरी बघावी लागली. अशा धंद्यात टेबलावर हातात पडलेले वीस डॉलर हा सगळ्यात खात्रीचा पैसा. दुकानातून तेच पुस्तक घेतलं तर छापील किमतीतला निम्म्याहून जास्त वाटा वितरक आणि दुकान यांच्यात जातो.

आता टेबलांकडे. महोत्सव सुरू करणाऱ्यांपैकी एक जेरी क्राफ्ट. त्यांच्या ‘न्यू किड’ला 2020 साली बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं, चित्रकादंबरीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ते आपल्या व्यंगमालिकेची पुस्तकं स्वतःच छापत होते. शाळकरी मुलाची गोष्ट असलेलं ‘न्यू किड’ भाचीने शाळेत वाचलेलं, त्यामुळे तिची अपेक्षा सगळीकडे शाळाच सापडेल अशी. सापडलं भलतंच: अंतराळातलं शेत, भुतांचा तपास, एक न्हावी जो रात्री महानायक होतो.

एका टेबलावर नवराबायको होते. बाई पैसे घेत होत्या, नवरा ब्रशपेनने पुस्तकांत सही करत होता. भाची पानं चाळता चाळता थांबली. "मावशी, अख्खं पान नुसतं वेणी घालण्यात घालवलंय!" खरंच: सहा चौकटी, आईची बोटं, मुलीची वाकडी मान, कंगव्याचं टोक, दोन बटांमधली टाळूवरची सरळ रेघ. मी ते इंग्रजीत सांगितल्यावर नवरा म्हणाला, ते पान काढायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण केस नुसते काळे भरून टाकले की झालं असं समजणाऱ्या, कॉमिक्समध्ये रंग भरणाऱ्या कलाकारांशी तो आधी खूप भांडला होता. मग त्याने भाचीच्या पुस्तकात पहिल्या पानावर तिचीच वेणी काढून दिली.

मी विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? बाईंनी पहिल्या अंकाच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. आणि तिसरा? त्या हसल्या. लोक उत्साहाने पहिला अंक नेतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या टेबलावरचा पहिला अंक नेतात. मालिका चालते ती दुसरा, तिसरा अंक घेणाऱ्यांवर. म्हणून माझा सल्ला: दहा टेबलांवरून एकेक घेण्यापेक्षा आवडलेल्या दोन टेबलांवरून जितके अंक असतील तितके घ्या. पुढचा अंक अजून निघाला नसेल तर चित्रकाराच्या ईमेल यादीत नाव लिहून या. पुढच्या अंकासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर वर्गणी निघते तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांत पैसे टाकणारे लोक त्याला सगळ्यात उपयोगी पडतात.

घासाघीस करू नका. क्रॉफर्ड मार्केट नाही ते. सुटे पाच-दहाचे डॉलर जवळ ठेवा. कार्ड आणि व्हेन्मो (फोनवरून पैसे देण्याचं अ‍ॅप) बहुतेकांकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क दगा देतं. मूळ चित्रांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि कॉमिक म्हणजे लहान मुलांचं, हा समज घरी ठेवून या. काही पुस्तकं चांगलीच रक्तबंबाळ आहेत. "बारा वर्षांच्या मुलीला चालेल का?" असं सरळ विचारा, खरं उत्तर मिळतं.

एका वयस्क गृहस्थांनी मी कुठली विचारलं. मुंबई म्हटल्यावर त्यांना सांगितलं, की 1972 साली आमच्याकडे दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन, आणि तिच्यातले बरेचसे कवी-लेखक होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. नामदेव ढसाळांचं नाव त्यांनी मला वहीत लिहायला लावलं. साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं वाटणाऱ्यांची गोष्ट ऐकल्यावर तर त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पोरांनाही हाक मारली.

वेळ असेल तर 2 किंवा 3 ने 96 स्ट्रीटला जाऊन 1 नंबरने 116 ला उतरा: कोलंबिया विद्यापीठ, जिथे बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मात्र आवारात बाहेरच्यांना येण्यावर निर्बंध असतात, आधी चौकशी करा.

जेवायला लेनॉक्सवर (माल्कम एक्स बुलेव्हार्डचंच दुसरं नाव) खाली चालत गेलात तर 1962 पासूनचं सिल्व्हियाज आहे. शाकाहारींनी जपून: चवळी आणि कोलार्डची पालेभाजी दिसायला आपली वाटते, पण तिथल्या पद्धतीत दोन्ही मांस घालून शिजवतात. विचारूनच मागवा. मॅक अँड चीज आणि कॉर्नब्रेडवर भाचीचं पोट भरलं.

घरी आल्यावर करायचं काम एकच. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक सुचवण्याचा अर्ज असतो. आवडलेली पुस्तकं तिथे सुचवा. आमच्या ग्रंथालयाने एक मागवलं, दुसऱ्याला नाही म्हणाले, कारण त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांकच नव्हता. तेव्हा टेबलावर असतानाच मागचं मुखपृष्ठ पाहा. क्रमांक असेल तर फोनमध्ये टिपून ठेवा. नसेल तर दोन प्रती घ्या, एक घरी आणि एक मुलांच्या शाळेच्या वर्गातल्या कपाटाला.